पी.पी. नंबरवाल्या काकू आणि सहाव्या आवृत्तीचा पत्ता

नव्वदीच्या सुरुवातीला हुबळीतल्या केशवापूरच्या आमच्या गल्लीत फोन एकच होता, आणि तो काकूंच्या घरी होता. काकू म्हणजे माझ्या सख्ख्या काकू नव्हेत, त्या सगळ्या गल्लीच्याच काकू. त्यांच्या यजमानांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, घराणं मूळचं निपाणीकडचं. फोन घेतला होता दुकानासाठी. पण दुकानात ठेवला तर गुमास्ते दिवसभर त्याला चिकटून बसतील, या धास्तीनं त्यांनी तो घरी आणला, बैठकीच्या खोलीतल्या कोनाड्यात बसवला आणि काकूंनी त्यावर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल पांघरला.

गल्लीतल्या झाडून सगळ्या घरांनी तो नंबर आपलाच समजून जगभर वाटला. लग्नपत्रिकेवर तोच, वकीलसाहेबांच्या कार्डावर तोच, माझ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या अर्जावरही तोच, फक्त पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. त्यांचा अर्थ एवढाच, की फोन शेजारी आहे, माणसाला हाक मारून बोलावतील. हाक मारायचं काम काकूंचं. फोन वाजला की त्या पदराला हात पुसत यायच्या, आधी कन्नडमध्ये 'यारु बेकु?', म्हणजे कोण हवंय, असं विचारायच्या, पलीकडून मराठी आलं की मराठीत वळायच्या, आणि मग गॅलरीत येऊन खड्या आवाजात ओरडायच्या, "मास्तर, फोन!"

पण सगळेच फोन असे ओरडून सांगण्यासारखे नसतात. मुलगी बघून गेलेल्यांचा निरोप असतो, दवाखान्यातून काहीतरी कळवायचं असतं, कुणाची बदली झालेली असते. त्यासाठी काकूंनी स्वतःची एक रीत काढली होती. अशा वेळी त्या 'फोन' हा शब्दच उच्चारत नसत. "मास्तरीणबाई, ताक न्यायला या की!" असं ओरडत. ताक म्हणजे खाजगी फोन, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळे 'फोन' म्हटल्यावर एक खिडकी उघडायची आणि 'ताक' म्हटल्यावर सगळ्या. आणि आपण खोटं बोललो असं होऊ नये म्हणून काकू फोन संपल्यावर खरोखरच पेलाभर ताक हातात द्यायच्या. मला बंगळूरला नोकरी लागल्याचा फोन आला तेव्हा मी ते ताक आनंदाच्या भरात घटाघटा प्यायले आणि ठसका लागून काकूंच्या स्वच्छ धुतलेल्या फरशीवर सांडलं. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "नोकरी टिकव, मग फरशी पुसायला ये."

बंगळूरला काही वर्षं काढून मी परत हुबळीला आले. का आले ते विचारणाऱ्यांना मी हवापाणी वगैरे सांगायची, पण खरं कारण असं की मला बंगळूरचा मनापासून कंटाळा आला होता आणि गोकुळ रोडवरच्या एका लहानशा कंपनीनं मला हवं ते काम देऊ केलं होतं. आमच्या एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला पंपांचे सुटे भाग करणारा कारखाना, आणि मध्ये आम्ही, संगणकांची जाळी विणणारे. दुपारभर घर्रर्र आवाज चालायचा. ग्राहकाशी फोनवर बोलताना आम्हीही कारखानदारांसारखे ओरडायला शिकलो.

माझं वेड होतं पत्त्यांचं. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, चार आकडे आणि मध्ये टिंबं. ज्यांनी ही पद्धत ठरवली त्यांना वाटलं, चारशे कोटींच्या वर पत्ते म्हणजे रग्गड झाले. जगात एवढी यंत्रं येतील आणि ती सगळी एकमेकांशी बोलत सुटतील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पत्ते कमी पडायला लागले तसा एक तोडगा निघाला. अख्ख्या इमारतीला किंवा ऑफिसला मिळून खरा पत्ता एकच द्यायचा, आत सगळ्यांना घरगुती पत्ते वाटायचे आणि दारात एक डबा बसवायचा. आतून कुणी बाहेर काही विचारलं तर डबा ते लक्षात ठेवणार आणि उत्तर आलं की त्याच्या हवाली करणार. पण बाहेरून कुणी आपणहून आत यायला बघितलं, तर हा आत कुणाकडे आलाय हे डब्याला ठाऊक नसतं, आणि तो त्याला सरळ हाकलून देतो.

मला या तोडग्याचा भयंकर राग होता. चालू पत्ते होते चौथ्या आवृत्तीचे, आणि सहाव्या आवृत्तीचे नवे पत्ते तयार होऊन पडले होते. ते इतके, की एकूण संख्या लिहायला एकोणचाळीस आकडे लागतात. मी ती एकदा ऑफिसच्या फळ्यावर लिहून काढली आणि शेवटचे आकडे भिंतीवर गेले. मालकांनी ते पुसू दिले नाहीत, आलेल्या ग्राहकांना ते भिंत दाखवायचे. चौथीनंतर एकदम सहावी कशी, पाचवी कुठं गेली, असं कुणी विचारलं तर मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. पाचवी एका प्रयोगात खर्ची पडली, असं सांगून मी अर्धा तास सुरू व्हायची. हळूहळू लोक विचारेनासे झाले.

माझं दुसरं वेड सुपरहिरोंच्या सिनेमांचं. इकडे ते कन्नडमध्ये डब होऊन येत नसत, हिंदीत येत, आणि मॅटिनीला लागत. मी एकटीच जायची. ऑफिसातले चिडवायचे, "मॅडमचं लग्न उडणाऱ्या माणसाशीच करायचं." पण मी काही त्या नायकांवर भाळून जात नव्हते. मला त्या सिनेमांतली व्यवस्थाच मुळात चुकीची वाटायची आणि ती चूक दर खेपेला नव्यानं बघायला मजा यायची. लाखोंचं शहर, संकटं रोजची, आणि वाचवणारा एकटा. तो आजारी पडला तर? तो दुसऱ्या टोकाला असला तर? आमच्या धंद्यात अशी रचना कुणी मांडली असती तर मालकांनी त्याला हाकलताना दारापर्यंत सोडायलासुद्धा कुणी धाडला नसता. वर हा एकटा माणूस ऐन वेळी प्रेमात पडणार.

तोपर्यंत गल्लीत घरोघरी फोन आले होते. काकूंचे यजमान वारले होते, दुकान भाड्यानं दिलेलं होतं, आणि कोनाड्यातला फोन आठवड्यातून एकदाच वाजायचा. रविवारी, अमेरिकेहून. काकूंचा एकुलता एक मुलगा, आम्हां पोरांचा अण्णा, तिकडे नोकरीला होता. बायको तमिळ, घरातली भाषा इंग्रजी, आणि त्यांना एक मुलगी, पाच वर्षांची. तिचा फोटो काकूंच्या टीव्हीवर चौकटीत उभा होता आणि गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, तो बघावा लागायचा.

एका रविवारी मी काहीतरी द्यायला म्हणून गेले तेव्हा तो फोन चालू होता. अण्णा बोलला, मग सून बोलली, मग नात आली. 'हाय अज्जी, बाय अज्जी,' इतकंच म्हणून ती पळाली. काकूंनी रिसीव्हर खाली ठेवला, रुमाल नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ती मला ओळखत न्हाई ग."

मी म्हटलं, "काकू, लहान आहे ती. लहान मुलं फोनवर अशीच करतात."

"मोठी झाली की मग काय ओळखणार? डॉक्टर मला इमानात बसू देईना. ह्याचे तिकडचे कागद अडकलेत, तो यायचा न्हाई आणि दोन-तीन वर्षं. तवर ती केवढी व्हईल? मग मी म्हंजे कोण, एक फोन."

देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीच्या दुखण्यामुळे लांबचा प्रवास खरोखरच बंद केला होता.   अशा वेळी मी काहीतरी कामाचं विचारते, तसं मी विचारलं, की नातीला आवडतं काय?

"काय की बाई. अण्णा म्हणतो, चोवीस तास ते उडणारं माणूस. कपडे तसले, दप्तर तसलं. दुसरं बोलतच न्हाई म्हणे." मग त्या थांबल्या. "तू बघतीस की ग ते सिनेमे. मला ने."

अशा रीतीनं सत्तरीच्या आसपासच्या काकू जरीकाठी इरकल नेसून, केसात अबोलीचा गजरा माळून माझ्याबरोबर मॅटिनीला आल्या. थिएटरात बहुतेक कॉलेजची पोरं. काकूंनी आधी खुर्ची हातरुमालानं झटकली आणि मग पडद्यावर नजर रोखली ती मध्यंतरापर्यंत हलवली नाही. चंदेरी कपड्यांतला एक तगडा माणूस इमारतीवरून खाली झेपावत होता.

"हा राहतो कुठं?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज गॅलरीतून गल्लीत पोहोचायला घडवलेला. पुढच्या तीन रांगा वळल्या.

"ते कुणाला माहीत नसतं, काकू. गुपित असतं."

"मग त्याला बोलवायचं कसं? फोन न्हाई, पत्ता न्हाई."

"नुसतं ओरडायचं. त्याला ऐकू येतं."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

 काकू कळवळून म्हणाल्या, "अय्यो, मग बिचाऱ्याला झोप कधी?" आजूबाजूची पोरं खो-खो हसली, पण काकू हसल्या नाहीत. जिनं वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे फोन उचलले होते, तिला त्या माणसाची खरीच दया आली असावी. मध्यंतरात मिरची भजी खाताना त्यांनी माझ्याकडून सगळं पुन्हा घोकून घेतलं. वैरी कोण, त्याच्या अंगात कसली ताकद आहे, हा कशाला घाबरतो, ती मुलगी चांगली आहे की फितूर. मी परीक्षेच्या आदल्या दिवशीही इतक्या गंभीरपणे अभ्यास केला नसेल.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम हजर राहिले. नात आली, हाय अज्जी म्हणाली, आणि बाय म्हणायच्या आत काकूंनी पाठ केलेलं इंग्रजी एका दमात फेकलं. "वेट. युवर हिरो. नो स्लीप?"

 पलीकडून त्या पोरीचं खिदळणं मला इतक्या लांबूनही ऐकू आलं. तिनं काहीतरी लांबलचक समजावून सांगितलं. काकूंना त्यातलं ओ की ठो कळलं नसणार, पण त्या प्रत्येक वाक्याला 'हौदु? हौदु?' म्हणत राहिल्या. होय का, होय का. गॅसवरचं दूध उतू गेलं तेव्हाच त्यांनी फोन सोडला. आणि दूध पुसताना त्या गुणगुणत होत्या.

तीन-चार रविवार असे गेले आणि मग पोरीनं स्वतःहून बापाला सांगितलं, की मला अज्जीला बघायचंय आणि अज्जीनं मला बघायचंय. अण्णानं मला मेल केलं. कॅमेरा लावून बोलता येईल असं काहीतरी करून देशील का? आईची फार इच्छा आहे, तिला स्वतःला ती बोलून दाखवायचा संकोच वाटतोय.

मला वाटलं, हा तर आपल्या हातचा खेळ. गल्लीत तेव्हा केबल टीव्हीवाल्यानंच इंटरनेटची तार घरोघरी ओढली होती. मी माझा संगणक उचलून काकूंच्या घरी नेला, कॅमेरा बसवला आणि अण्णाला वेळ कळवली. ही बातमी गल्लीत कशी फुटली कोण जाणे, पण ठरल्या वेळी बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर आले, मास्तरीणबाई आल्या, वकीलसाहेब लुंगी बदलून पँट घालून आले.

पडद्यावर अण्णानं लिहिलेली अक्षरं आली. आलोय, दिसतोय का? नव्हता दिसत. काळा चौकोन. त्यालाही तिकडे आम्ही दिसत नव्हतो. मी सगळी बटणं दाबली, सगळ्या तारा काढून घातल्या, आणि अर्ध्या तासानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केबलवाल्यानं अख्ख्या केशवापुराला मिळून एकच खरा पत्ता दिला होता. तिकडे अण्णाच्या इमारतीतही तीच गत. दोन्ही दारांत डबे. अक्षरं तिसऱ्याच एका यंत्रामार्फत येत होती म्हणून पोहोचली, चित्र मात्र थेट यायला बघत होतं. दोघंही आतून हाका मारत होते आणि दोन्ही डबे परक्याला हाकलून देत होते. माझं आवडतं भांडण माझ्याच गल्लीत येऊन उभं राहिलं होतं, आणि मला काही आनंद झाला नाही.

एकेक करून लोक उठून गेले. काकूंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं आणि मग माझ्यासमोर बसल्या. "काय झालं ते मला समजंल असं सांग."

मी चिडलेली होते, त्यामुळे सोपं सांगायला गेले. म्हटलं, "काकू, पूर्वीचा तुमचा पी.पी. नंबर आठवा. सगळ्या गल्लीला एकच नंबर. तसंच आहे हे. बाहेरून आलं की ते कुणाच्या घरी द्यायचं हेच कळत नाही."

काकूंचा चेहरा बदलला. "कळत न्हाई? माझ्याकडून कधी चुकलं होतं? मास्तरांचा फोन वकिलाला दिला होता मी? एकदा तरी?"

"तसं नाही हो काकू."

"तसं न्हाई तर कसं? त्या डब्यात जो बसलाय त्याला म्हणावं, हाकलू नको, आधी विचार, यारु बेकु म्हणून. तोंड हाय की न्हाई त्याला?"

मी त्या डब्याची बाजू घेऊन बोलू शकले नाही. माझं त्याच्याबद्दलचं मतही तेच होतं, फक्त मी ते परिसंवादात मांडत असे. पण काकूंचा राग उतरल्यावर त्यांनी जे विचारलं ते मला लागलं. "म्हंजे ती दिसायची न्हाई, असंच ना? तसं असलं तर तिला सांगून टाकायला पायजे. वाट बघत बसंल पोर."

मी म्हटलं, "दिसेल." आणि म्हटल्यावर मला ते करून दाखवणं भाग होतं.

गोकुळ रोडच्या आमच्या ऑफिसला स्वतःचा खरा पत्ता होता. त्याच्या जोरावर मी तिथे सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचा प्रयोग चालवला होता. म्हणजे जुन्या रस्त्याच्या पोटातून एक बोगदा काढायचा आणि त्यातून नवे पत्ते खेळवायचे. आजवर त्या बोगद्यातून मी दुसऱ्या टोकाच्या यंत्राला 'आहेस का' विचारण्यापलीकडे काही पाठवलं नव्हतं. कामाचं काही पाठवायला दुसऱ्या टोकाला कुणी लागतं ना. आता अण्णा होता. त्यानं तिकडे रविवारी आपल्या ऑफिसातून बोलायची परवानगी काढली, मी इकडे मालकांकडे काढली. मालक म्हणाले, भिंतीवरच्या आकड्यांचा एकदाचा उपयोग होऊ दे. कुठल्यातरी विद्यापीठातल्या लोकांनी लिहिलेला एक ओबडधोबड प्रोग्राम मिळाला, जो नवे पत्ते ओळखायचा. तो दर दुसऱ्या दिवशी बंद पडायचा. त्याला वळण लावता लावता माझ्या नाकी नऊ आले, आणि इतकी मजा मला बंगळूरच्या सगळ्या वर्षांत आली नव्हती. संध्याकाळी लेथवाले घरी गेले की शांततेत मी आणि तो प्रोग्राम भांडत बसायचो.

अखेर काकूंच्यासाठी म्हणून एक पत्ता बाजूला काढला. बाकी कुणाचा नाही, मधे डबा नाही, हाक मारायला कुणी नाही. जगाच्या कुठल्याही टोकाहून सरळ त्या एका खुर्चीपुढच्या पडद्यापर्यंत. मी तो कागदावर लिहून काकूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून ती लांबलचक अक्षरं-आकड्यांची माळ बघितली आणि म्हणाल्या, "केवढा ग. पिनकोड कुठला ह्यात?"

रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, मी त्यांना रिक्षानं ऑफिसात आणलं. या खेपेला गल्लीत कुणालाच सांगितलं नव्हतं. रस्त्यावरची शटरं बंद होती. रिक्षात काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. ऑफिसात त्यांना खुर्चीत बसवलं, कानाला हेडफोन लावायला गेले तर गजरा आडवा आला. शेवटी स्पीकरच लावला. मी शेजारी स्टूल घेतलं, कारण भाषांतर मीच करणार होते.

चित्र आलं. आधी चौकोन चौकोन, मग अण्णा. त्याचं टक्कल बघून काकू म्हणाल्या, "अरे, केस कुठं गेले तुझे?" आणि दोघंही हसले, आणि दोघांचेही डोळे भरले. मीही रडले, ते सांगायला मला काही लाज वाटत नाही. जगातल्या इतक्या शहाण्या लोकांनी खपून केलेले ते पत्ते माझ्या हातून पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडत होते.

"बोलव तिला," काकू म्हणाल्या.

ती आली. चंदेरी कागदाची झूल पाठीवर, आणि तोंडावर पुठ्ठ्याचा, घरी रंगवलेला मुखवटा. डोळ्यांना दोन भोकं, बाकी काही दिसत नव्हतं.

अण्णा ओशाळला. "अगं, काढ ते. अज्जीला तोंड दाखव." पोरीनं जोरात मान हलवली. सुनेचा आवाज आला, ती काहीतरी दटावत होती. पोर हटेना. मला मनातून वाटलं, इतक्या दिवसांची खटपट पुठ्ठ्यापाशी येऊन अडली. मी काकूंकडे बघितलं. त्या पुढे वाकल्या होत्या, अगदी पडद्याला नाक लागेल इतक्या.

"राहू दे रे," त्या मुलाला म्हणाल्या. "ओरडू नको तिला." आणि मला म्हणाल्या, "विचार तिला, का काढत न्हाई?"

मी इंग्रजीत विचारलं. मुखवट्याच्या आतून उत्तर आलं, की खरा चेहरा सगळ्यांना दाखवायचा नसतो, तो फक्त एकाच माणसाला दाखवायचा असतो. मी ते काकूंना सांगितलं. मुखवट्याची दोन भोकं माझ्याकडे वळली. "हे मधे मधे कोण बोलतंय?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मी अज्जीची शेजारीण. मग ती स्पष्ट म्हणाली, की हिला जायला सांगा. बाबांनीही जायचं. आईनंही.

अण्णा पडद्यातून माझ्याकडे बघून हसला, हात जोडले आणि उठून गेला. मला खरं सांगायचं तर राग आला. बोगदा मी काढला, प्रोग्रामशी भांडण मी केलं, आणि मलाच दाराबाहेर. शिवाय काळजीही वाटली. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी येत नाही, या दोघी करणार काय? पण काकूंनी मागे न बघता हातानंच मला 'जा' अशी खूण केली.

मी बाहेर पायरीवर बसले. लेथच्या वर्कशॉपचा तेलकट वास येत होता. समोरच्या टपरीवाल्यानं विचारलं, आज रविवारी काय काम? म्हटलं, हाय एक. काचेच्या दारातून आवाज येत होते. काकूंचं मराठी, मधेच कन्नड, पोरीचं इंग्रजी, आणि कुणीच कुणाचं भाषांतर करत नव्हतं. पत्त्यांची ही सगळी पद्धत पहिल्यांदा मांडली गेली तेव्हा मूळ कल्पना हीच होती, असं मी पुस्तकात वाचलेलं होतं. दोन टोकांनी एकमेकांशी बोलावं, मधल्यांनी फक्त वाट द्यावी, आत डोकावू नये. मी ते ऑफिसात किती वेळा तावातावानं सांगितलं असेल. मधल्यांपैकी एक होऊन पायरीवर बसणं हे मात्र नवीन होतं. मग काकूंचं हसणं ऐकू आलं, मोठ्यानं, आणि लगेच काही वेळ काहीच ऐकू आलं नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा गजरा एका बाजूला कलला होता आणि नाक लाल झालं होतं.

"दाखवलं?" मी विचारलं.

"दाखवलं की."

"कशी आहे? अण्णासारखी दिसते?"

काकूंनी रिक्षाला हात केला. रिक्षा मिळाली, आम्ही बसलो. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कुणाला सांगायचं न्हाई असं ठरलंय आमचं."

गल्लीत पाऊल टाकायच्या आत बातमी फुटलेली होतीच. मास्तरीणबाई फाटकातच उभ्या. काय काकू, दिसली का नात? कशी आहे, काय बोलली? काकू सगळ्यांना 'चांगली हाय, चांगली हाय' म्हणत पुढे गेल्या. गल्लीचे सगळे निरोप जिच्या तोंडून गेले होते, ती बाई तोंडाला कुलूप लावून बसली. मास्तरीणबाईंना ते फार लागलं.

मला हसू आवरेना. घरात आल्यावर मी टीव्हीवरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. म्हटलं, "काकू, एवढं काय गुपित? तिचा चेहरा इथं सगळ्या गल्लीनं बघितलाय. गॅसवाल्यानंसुद्धा बघितलाय."

"तो फोटो, ग. तो कुणीही काढतो," काकू म्हणाल्या. "हे तिनं आपल्या हातानं काढून दाखवलंय. मला एकटीला."